तीन झेलिन्स्कींच्या बदल्यात डेल्मर

सोमवारी सकाळी दुकान उघडून पाच मिनिटंही झाली नव्हती. अर्विड टॉलेफसन काट्यावर खिळे तोलत होता, तेवढ्यात समोरच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मग काय, डेल्मरला देऊन टाकणार म्हणे?"

"कोण म्हणतं?" अर्विडचा हात हलला आणि काट्यात मूठभर खिळे जास्त पडले.

"कोणी नाही. असंच आपलं, पोस्टात चाललं होतं."

दुसरं गिऱ्हाईक बिजागरीला आलं होतं. ते म्हणालं, "मी असतो तर नसता दिला." तिसरं रंगाचा डबा घेऊन म्हणालं, "मी असतो तर मागच्याच वर्षी दिला असता." दहा वाजेपर्यंत सोळा माणसं आली, त्यातल्या चौघांनी काहीतरी विकत घेतलं आणि सोळाही जणांनी मत दिलं. अर्विडचं मत मात्र एकानंही विचारलं नाही. संघाचा मॅनेजर तो, आणि डेल्मर त्याचाच मेहुणा. पण आमच्या नॉर्बी गावात ज्याचं दुखणं असतं त्याला सोडून सगळ्यांना औषध माहीत असतं.

दुखणं होतंही मोठं. काउंटीतल्या आठ चर्चांच्या बेसबॉल लीगमध्ये टेकडीवरच्या लुथरन चर्चचा संघ त्या वर्षी सात सामने खेळला होता आणि सातही हरला होता. नऊ विरुद्ध दोन, अकरा विरुद्ध एक, चौदा विरुद्ध दोन. त्यातले ते एक आणि दोन एकट्या डेल्मर हॉगस्टॅडचे. दुधाचा टँकर चालवणारा हा आडदांड गडी बॅट फिरवायचा आणि चेंडू कुंपण ओलांडून मक्याच्या शेतात जायचा. काउंटीत त्याच्यासारखा फटका कोणाचा नव्हता. बाकीच्या आठांबद्दल न बोललेलं बरं. चेंडू टाकणारा पिचर सत्तरीला टेकलेला. त्याचा चेंडू पोचेपर्यंत समोरच्याला विचार करायला, मत बदलायला आणि पुन्हा पहिल्या मतावर यायला वेळ मिळे. डावीकडे उभे राहणारे दंतवैद्य बोटं जपायची म्हणून चेंडू आला की हात मागं घेत.

आणि डेल्मरलाही फटक्याशिवाय काही करायचं नसे. वाकणं हा प्रकार त्यानं पंचविशीतच सोडून दिला होता. जमिनीलगतचा चेंडू त्याच्या पायाशेजारून गेला की कमरेवर हात ठेवून तो त्याच्याकडे बघत राही, ओळखीचं कोणी जात असल्यासारखा. शिवाय सामना हरला की दर रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशमधले बटाटे वेचत वेचत अर्विडला सांगायचा, की तू काय काय चुकलास. गेली वीस वर्षं सांगत होता. चर्चमध्ये एका बाकावर, मग एका टेबलावर. अर्विड बिचारा मान डोलवायचा आणि काटा ताटावर जरा जोरात आपटायचा.

म्हणून त्याला देऊन टाकायचं अर्विडच्या मनात होतं का? मुळीच नव्हतं. झालं ते असं. शनिवारी तळ्याकाठच्या कॅथलिक चर्चशी सामना हरल्यावर त्यांचा मॅनेजर, खाटीक लिओनार्ड कुझावा, सांत्वनाला आला. हरलेल्याला काहीतरी गोड बोलायचं, एवढाच त्याचा हेतू.

"डेल्मरसारखा गडी आमच्याकडे असता ना अर्विड, तर मी तिन्ही झेलिन्स्की देऊन टाकले असते बघ!"

तिघे झेलिन्स्की म्हणजे चुलतभाऊ. एक पिचर, एक पाठीमागं बसून चेंडू झेलणारा कॅचर आणि तिसरा असा की त्याच्या बाजूनं उंदीर गेला तरी पकडील. अर्विड म्हणाला, "हं. वेगळीच कल्पना आहे."

आता, तोंडावर 'नाही' म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. नाही म्हणायचं असेल तर 'बघू या' म्हणतात, आणि मेलो तरी नाही म्हणायचं असेल तर 'वेगळीच कल्पना आहे' म्हणतात. हे कुझावाला कळत होतं, अर्विडला कळत होतं. पण शेजारी पोस्टातल्या बाई उभ्या होत्या. त्यांना शिकागोहून येऊन अकराच वर्षं झालेली, म्हणजे नवीनच. त्यांनी सोमवारी पोस्ट उघडताना सांगितलं की अर्विडला कल्पना फार आवडली.

दुपारी कुझावाचा फोन आला.

"अर्विड, तुला पटलंय म्हणे ते."

"नाही म्हणजे... तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं काय! मी शब्द दिलाय. तुझी अडचण होत असेल तर राहू दे."

"माझी कसली अडचण? तुझीच होत असेल तर..."

"माझी? छे छे!"

"मग..."

"मग बरंच झालं की."

दोघांनीही फोन ठेवला आणि दोघांनीही कपाळाला हात लावला. कुझावाला तिघे झेलिन्स्की द्यायचे नव्हते आणि अर्विडला डेल्मर द्यायचा नव्हता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

पण अर्विडला एक आशा होती. लीगचा नियम असा, की ज्या चर्चकडून खेळायचं तिथं ओळीनं चार रविवार हजेरीच्या वहीत सही पाहिजे. म्हणजे डेल्मरला कॅथलिकांकडे प्रार्थनेला जावं लागणार आणि झेलिन्स्कींना लुथरनांकडे. हे कुठला पास्टर चालवून घेईल? अर्विड दुकान बंद करून पास्टर रूड यांच्याकडे गेला.

"तुम्ही स्पष्ट सांगा, पास्टर. चालणार नसेल तर नाही म्हणा. मी वाईट वाटून घेणार नाही."

पास्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देवाच्या घराला दारं पुष्कळ असतात, अर्विड."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे दारं पुष्कळ असतात." मग ते जरा पुढं झुकले. "तिघे येणार म्हणालास ना? त्यांच्यात कोणाचा आवाज खर्जातला आहे का रे? गायकवृंदात खालची बाजू फार लंगडी पडते हल्ली."

तिथून अर्विड तडक डेल्मरकडे गेला. आता सगळी भिस्त त्याच्यावरच होती. तो पाय आपटील, टोपी फेकील, 'मी कुठं जाणार नाही' म्हणील, आणि मग कुझावाला सांगता येईल की बाबा, गडीच ऐकत नाही. डेल्मर अंगणात टँकर धूत होता. गावाच्या टोकाला एकटाच राहायचा. लग्न केलं नव्हतं, कारण कोणाला विचारायला जमलं नव्हतं.

"डेल, जरा बोलायचं होतं."

"पोस्टात ऐकलं मी."

"मग? तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?" डेल्मर एकच चाक पुन्हा पुन्हा धूत होता. "संघाचं भलं होत असेल तर..."

"तुला जायचं नसेल तर सांग हं."

"तुला ठेवायचं असेल तर तू सांग की."

नळाचं पाणी वाहत होतं. दोघंही त्या चाकाकडे बघत राहिले. "एकाला तीन," डेल्मर शेवटी म्हणाला. "कमी नाहीत." अर्विडनं त्या वेळी नुसतं 'जाऊ नकोस' म्हटलं असतं तरी गोष्ट इथंच संपली असती. पण एवढा उघडा प्रेमळपणा त्याच्या घराण्यात कोणी केलेला नव्हता. तो म्हणाला, "पिचर बरा आहे त्यांच्यातला." माणसानं जीभ बोलण्याआधी चावावी, अर्विडनं ती गाडीत बसल्यावर चावली.

घरी बायको मार्लिस दारातच उभी होती.

"काल सकाळपर्यंत मला एक भाऊ होता," ती म्हणाली. "आज उठून बघते तर तीन झेलिन्स्की!"

"काल कुठं? आजच..."

"विकलास ना त्याला?"

"विकला नाही गं. बदलला."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं तर. म्हणाला, संघाचं भलं होत असेल तर."

"आणि ते तुला 'हो' वाटलं? जन्म काढलास ना रे या गावात!"

त्या रात्री अर्विडला हॉटडिशचा करपलेला कोपरा मिळाला, तो त्यानं मुकाट्यानं खाल्ला.

पहिल्या रविवारी तिघे झेलिन्स्की वेळेवर आले आणि डेल्मरच्याच जागेवर बसले. तिघे मिळून बरोबर त्याच्याएवढी जागा व्यापत होते. सगळं ठीक चाललं होतं. पास्टरांनी "आपण प्रार्थना करू या" म्हटलं आणि सवयीनं तिघेही धाडकन गुडघ्यावर गेले. कॅथलिकांकडे गुडघ्याखाली गादी असते. आमच्याकडे कोणी गुडघे टेकतच नाही, त्यामुळे गादी नाही. सहा गुडघे लाकडी फरशीवर आदळले, तो आवाज ऐकून ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचा सूर चुकला आणि पुढच्या बाकावरच्या आजोबांनी छत पडलं म्हणून डोक्यावर हात घेतले.

प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी असते आणि कॉफीबरोबर वड्या. लिंबाच्या, रुबार्बच्या, चॉकलेटच्या, शेंगदाण्याच्या. ट्रेमध्ये भाजायच्या आणि चौकोनी कापायच्या. पाहुण्याला प्रत्येकीनं आपल्या ट्रेमधली द्यायची आणि पाहुण्यानं खायची. 'नको' म्हणायची सोय नव्हतीच. झेलिन्स्की लंगडत लंगडत ट्रेपाशी गेले आणि चौदा बायकांच्या चौदा वड्या प्रत्येकानं खाल्ल्या. दुसऱ्या रविवारी बायकांत चढाओढ लागली. चौथ्या रविवारपर्यंत पिचरचा पट्टा दोन भोकं पुढं सरकला होता आणि कॅचरला बसलं की उठायला बाकाचा दांडा लागत होता. त्यांचा आवाज मात्र खर्जातला निघाला. पास्टर रूड खुशीत होते.

तिकडची खबर पोस्टातल्या बाई आणत. कॅथलिकांच्या चर्चमध्ये बसून राहायची सोयच नाही. उठायचं, बसायचं, गुडघे टेकायचे, पुन्हा उठायचं. पहिल्या रविवारी डेल्मर खाली गेला तो वर आलाच नाही. दोघा माणसांनी बगलेत धरून उठवला. अर्विडला हे ऐकून बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी एकच माणूस लागला. तिसऱ्या रविवारी डेल्मर पुढच्या बाकाला धरून स्वतःच उठला. चौथ्या रविवारी बाई म्हणाल्या, "आता तर काय, सगळ्यांच्या आधी उठतो!" अर्विडला का कोण जाणे, ते बरं वाटलं नाही.

या चार आठवड्यांत डेल्मर बहिणीकडे जेवायला फिरकला नाही. त्याला वाटत होतं, आपल्याला देऊन टाकलंय, आता कुठल्या तोंडानं जायचं. अर्विडला वाटत होतं, तो रागावलाय, आता कुठल्या तोंडानं बोलवायचं. मार्लिस मात्र हॉटडिश पहिल्याएवढीच करत होती. डेल्मरचा वाटा उरायचा आणि अर्विडला गुरुवारपर्यंत तोच खावा लागायचा. "संपव," मार्लिस म्हणायची. "बदलून घेतलंयस ना?" चूक काढणारं कोणी नसल्यामुळे रविवारची जेवणं शांत होत होती, आणि त्या शांततेचा अर्विडला इतका वैताग आला की एकदा तो स्वतःच म्हणाला, "मी तिसऱ्या इनिंगमध्ये पिचर बदलायला हवा होता." मार्लिसनं फक्त ताट पुढं सरकवलं.

जुलैच्या मध्याला दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर आले. सारं नॉर्बी खुर्च्या घेऊन हजर होतं. पहिल्याच इनिंगमध्ये आमच्या दंतवैद्यांचा चुकून फटका बसला आणि चेंडू जमिनीलगत सरळ डेल्मरकडे गेला. अर्विडनं सुटकेचा श्वास सोडला. त्या बाजूनं गेलेला चेंडू परत येत नाही हे त्याला वीस वर्षं ठाऊक होतं. पण डेल्मर वाकला. नुसता वाकला नाही, एक गुडघा टेकून, चेंडू उचलून, उठून, फेकून मोकळाही झाला. मैदानावर कोणी टाळी वाजवली नाही, इतका सगळ्यांना धक्का बसला होता.

इकडे झेलिन्स्की पिचर चार चेंडू टाकून कमरेला हात लावून उभा राही. कॅचर खाली बसे, आणि मग खालीच राही. तिसऱ्याच्या बाजूनं उंदीर नव्हे, डुक्कर गेलं असतं तरी सुटलं असतं. कॅथलिक सतरा, लुथरन तीन. त्यातला एक फटका डेल्मरचा, तोच तो मक्याच्या शेतातला. पण या वेळी वाटेतल्या तीनही बेसवर, म्हणजे थांब्यांवर, त्याच्या संघाची माणसं होती. डेल्मर रमतगमत फेरी मारून आला तेव्हा ती तिघं आधीच पोचून त्याची वाट बघत उभी होती. एकानं त्याची टोपी उडवली, दुसऱ्यानं पाठीत गुद्दा घातला. डेल्मर हसत होता. अर्विडनं ते पाहिलं आणि नजर वळवून उगीच पाण्याचा डबा हलवून बघितला.

गाडीत मार्लिस म्हणाली, "आता तरी तोंड उघडशील का? मला माझा भाऊ रविवारी टेबलावर पाहिजे."

"मलाही पाहिजे," अर्विड एकदम ओरडला. "मला काय नकोय का? कान किटले होते त्याचं ऐकून, आणि आता किटत नाहीत तर करमत नाही!"

"मला काय सांगतोस? त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्विड निघाला. वाटेत स्टिअरिंगला तीन वेळा म्हणून दाखवलं, "परत ये. परत ये. परत ये." डेल्मर पायरीवर बसून लिंबू सरबत पीत होता. गाडीचं दार लावायच्या आत अर्विडनं बोलून टाकलं. थांबला असता तर हवापाण्यावर गेला असता.

"डेल, मी चुकलो. मला तुला द्यायचं नव्हतं. परत ये."

डेल्मरनं पेला खाली ठेवला. बाहीनं डोळे पुसले, मग नाक पुसलं. "एवढंच म्हणायचं होतंस ना रे तेव्हा," तो म्हणाला. "चार वेळा ते एकच चाक धुतलं मी."

"मग येतोस?"

"नाही."

अर्विडला वाटलं आपल्या कानात काही झालं. नॉर्बी गावात, पायरीवर बसून, एक माणूस दुसऱ्याला सरळ नाही म्हणाला होता. डेल्मरलाही त्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं. तो क्षणभर थांबला आणि मग हळूहळू बोलला. "तुझ्याकडे मी फटका मारून फेरी पुरी केली ना अर्विड, की तिथं कोणीच नसायचं. मी एकटाच. मला वाटायचं, तसंच असतं. काल तिघं उभी होती."

पुष्कळ हरलेल्या मॅनेजरलाही एखादी गोष्ट खरी आहे हे कळतं. तो पायरीवर बसला. डेल्मरनं त्याला सरबत दिलं. त्यानं आधी नको म्हटलं, मग घेतलं. घरी जाऊन मार्लिसला सांगितलं, तेव्हा ती ओट्याकडे वळली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागली. बोलली असती तर परवडलं असतं.

पुढच्या रविवारी साडेदहाची प्रार्थना सुरू झाली होती. बाकावर तिघे झेलिन्स्की, मग मार्लिस, मग अर्विड. पहिलं गाणं संपत असताना मागचं दार वाजलं आणि डेल्मर आत आला. हातात तळ्याकाठच्या संघाची टोपी. सरळ त्यांच्या बाकाशी येऊन म्हणाला, "सरका."

"तू इथं?" अर्विड कुजबुजला.

"आठची प्रार्थना तिकडे आटोपली. सही केली, आलो."

"पण नियम?"

"नियमात तिकडे जायला पाहिजे एवढंच आहे. इकडे यायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

अर्विडचं डोकं गरगरलं. "हे तुला आज सुचलं?"

"सुचलं होतं की पहिल्याच आठवड्यात."

"मग आला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला नको असेन."

पाच रविवार! पाच रविवार गुरुवारपर्यंत शिळी हॉटडिश खाल्लेल्या माणसानं आपल्या मेहुण्याकडे ज्या नजरेनं बघावं, त्या नजरेनं अर्विडनं बघितलं. पण मार्लिसनं डोळ्याला रुमाल लावून झेलिन्स्कींना आत ढकललं होतं आणि डेल्मर मध्ये घुसला होता. पाच माणसांच्या बाकावर साडेसहा माणसं झाली. पास्टरांनी प्रवचन सुरू केलं. दोन मिनिटंही झाली नसतील, डेल्मरचं तोंड अर्विडच्या कानाशी आलं.

"तुझा पिचर चेंडू टाकताना खांदा फार लवकर उघडतो."

अर्विडनं समोर बघितलं.

"आणि दंतवैद्यांना उजवीकडे ने. डावीकडे चेंडू जास्त येतात."

"डेल."

"आणि तिसऱ्या इनिंगला तू जे केलंस ना..."

"डेल्मर, गप्प बस!" अर्विड इतक्या मोठ्यानं म्हणाला की पास्टर रूडही मिनिटभर गप्प बसले.

डेल्मर खूश होऊन हसला, मानेनं 'बरोबर आहे' म्हणाला आणि आवाज थोडा कमी करून पुढं बोलू लागला. अर्विडचं अर्धं अंग बाकाबाहेर लोंबकळत होतं, एक पाय वाटेत रोवून तो कसाबसा तोल सावरत होता. समोरचा बाक अख्खा रिकामा होता. तो काही तिकडे गेला नाही.